ये

कन्ना चौकातून साखर पेठेत वळलं की
जिन्याशेजारच्या भिंतीवर तेलरंगात होतं:
ये. दातांचा दवाखाना.
रंगाऱ्याला वाटलं पुढचं सांगायचं राहिलं,
त्यानं पदरचा एक बाण काढून दिला, वर जाणारा.

आईची दाढ तीन दिवस ठणकत होती.
सुपात पानं भिजलेली, हजारातल्या चारशे विड्या बाकी.
वाच गं, म्हणाली. वाचलं.
बोलावतोय तर जाऊ, म्हणाली.

वर गेल्यावर तिनं आधी त्यांनाच विचारलं,
सगळ्यांना विचारते तसं, तेलुगूत: 'ये ऊरु?'
कुठलं गाव?
डॉक्टर हसले. माझंच नाव घेऊन
माझं गाव विचारलालाव की ओ.

मग चिमटा उकळत ठेवून सांगत बसले:
ये म्हणजे पान. झाडाचं.
बाकावरच्या हत्तुरे मावशी म्हणाल्या, एले.
कंपाउंडर महबूब म्हणाला, पत्ता.
'हां, पत्ताच,' डॉक्टर म्हणाले,
'पान नंतर झालं. आधी ते गावच होतं.
कुणा सरदाराला मिळालेलं. त्याची पोरं त्या गावाची झाली.
तेव्हा उच्चारही वेगळा होता, शे की काहीतरी.'
म्हणजे येकर, महबूब म्हणाला.
'येकर. त्यातला कर तेवढा गळला.'

चुलतभाऊ कलकत्त्याहून लिहायचा, याप.
आत्या हाँगकाँगहून, यिप.
पोस्टमन बंडगर पाकिटं पुढं धरायचा,
यातले तुम्ही कोण ते बघून घ्या.

बासष्टच्या थंडीतलं त्यांनी आईला भूल चढेपर्यंत सांगितलं,
आमच्याकडे न बघता.
दर सोमवारी ठाण्यात हजेरी.
हवालदार वहीत बोट ठेवून ओरडायचा: ये!
हे जायचे. सही करायचे.
मग तोच म्हणायचा: जा.

दाढ निघाली. काळी, एका बाजूनं पोखरलेली.
रजिस्टरात लिहायला नाव विचारलं.
मी सांगितलं, आकुल.
शाळेत बाई म्हणाल्या होत्या, आकुल म्हणजे व्याकुळ,
आणि मी ते वर्षभर खरं धरून चालले होते,
घरी कुणाला विचारलंही नव्हतं.
आईनं कापसातून मान हलवली.
तंबाखूनं पिवळी झालेली बोटं त्यांच्यापुढे धरली,
आकु, म्हणाली. आकुला.
पानं. खूप पानं.

डॉक्टर लिहायचे थांबले.
फी मात्र पुरी घेतली, तीन रुपये.

पावतीच्या मागं त्यांनी स्वतःचं नाव काढून दिलं:
वर गवत, खाली झाड,
मधे पिढ्या.
आईच्या विडी-कार्डात ती घडी अजून आहे.
मला त्यात गवत दिसत नाही, झाडही नाही.
कुणीतरी मांडीवर सूप घेऊन बसलंय,
एवढंच दिसतं.