तीस फूट

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये
पॅनल नंबर चारच्या दारावर अजून
एक काळा डाग आहे, पंख्यासारखा उघडलेला.
तीनदा रंग मारला. वर येतोच.

इसाकमामू तेव्हा चाळिशीचे.
ब्रेकर आत सरकवताना दार उघडंच,
अंगात टेरिकॉटचा शर्ट, ईदला घेतलेला.
आवाज ऐकलाच नाही, म्हणायचे,
नुसतं पांढरं दिसलं. आणि तांब्याची चव
जिभेवर, आठ दिवस.
शर्ट दवाखान्यात चिमट्यानं काढला,
धागा धागा.

आता आमच्याकडं बटणाची पेटी आहे,
तिला तीस फुटांची केबल.
दार लावून मी भिंतीमागं उभा राहतो,
जाड करडा सूट, तोंडासमोर हिरवट काच,
मे महिन्यात बुटात घाम साचतो.
सूटच्या कपाटाची किल्ली असते
स्टोअरच्या भुतेकरकडं
आणि भुतेकर जेवायला गेलेला असतो.

सुपरवायझर घड्याळ बघतो:
भट्टी थंड व्हायलीय.
होऊ दे.
दोन बिलेट वाया जातील, जाऊ दे.
"कामून घाई करायलास?" मामू म्हणायचे,
उरलेल्या अर्ध्या भुवईवर बोट फिरवत,
"तुझी वाट बघून लाईट कधी कट्टाळत नसती."

भुतेकर येतो, ढेकर देत. किल्ली फिरते.
मी सूट चढवतो, भिंतीमागं जातो, बटण दाबतो.
तिकडं ब्रेकर आत बसतो, खट्ट.
जिथं मामू उभे होते तिथं
कुणीच नाही.
नुसती हवा,
आणि दारावर तो पंखा.