पोटात घातलेलं

लंकाबाई पिंगळे रामकुंडावर चारा विकते.
दहा रुपयांची पेंढी, गाय शेजारीच बांधलेली,
पुण्य जागच्या जागी.
रामाच्या दारात लंका, म्हणून गुरुजी थट्टा करतात.
ती म्हणते, नाव आज्यानं ठेवलं,
वर जाऊन त्यालाच इचारा.

अकरापर्यंत धंदा. मग ती दावं सोडते
आणि बांडी आपली आपण निघते,
पुलाखालून, भाजीबाजाराच्या मागून,
दिंडोरी नाक्याच्या ढिगापर्यंत.

"गाभण हाय, डाक्टर. पोट बघा ना.
सरकी वाढवलीय म्या."
डॉक्टर आहेरांनी डाव्या कुशीत मूठ दाबली.
मूठ काढली तरी खड्डा तसाच राहिला,
मळलेल्या कणकेत राहतो तसा.
तिला काही बोलले नाहीत.
मला म्हणाले, वस्तरा आण.

गाय उभी असतानाच करतात हे.
कूस तेवढी बधिर, बाकी सगळी जागी.
मी पुढं, मोरकी धरून,
डॉक्टर बाजूला, काखेपर्यंत आत,
आणि बांडी माझ्याकडं बघत होती
रांगेतलं माणूस रांगेतल्या माणसाकडं बघतं तसं.

डॉक्टरांचा हात भरून आला, मग माझी पाळी.
आत ऊब होती. रात्रीच्या गोधडीत असते तेवढी.
एक दोर लागला, ओढत गेलो, संपेचना.
कांद्याच्या गोणीची लाल जाळी,
द्राक्षांच्या पेटीतला पातळ कागद,
चिवड्याचं पाकीट, त्यावरची मिरची अजून लाल,
राखीचा स्पंज, ठिबकची नळी,
दोन खिळे, एक रुपया,
आणि पिशव्या, पिशव्या, पिशव्या,
एकमेकींत वळलेल्या,
जणू आत बसून कुणी सवडीनं वेणी घालत होतं.

समोरच्या दुकानातून काटा आणला.
चौतीस किलो.
लंकाबाई उंबऱ्यावर बसली.
"वासरू बी एवढं भरत न्हाई," म्हणाली,
आणि मग हसली का रडली
ते पदराआड गेलं.

घमेलं उपसताना एक पिशवी अख्खी निघाली,
तोंड बांधलेली.
दोन कान वर काढून, वरून एक पीळ जादा.
ही गाठ मला येते.
आमच्या ओट्यावर रोज रात्री हीच पडते,
उरल्या पोळीवर, भातावर,
गाईला होईल म्हणून.
आत पोळी होती का, सांगता येत नाही.
काळं पाणी होतं.
चार कप्प्यांचं पोट तिचं,
पण गाठ सोडायला एक बोट नाही.

वसुबारसेला आई गाईच्या पायावर पाणी घालते,
हळदकुंकू लावते, म्हणते,
चुकलंमाकलं पोटात घाल गं बाई.
घातलं की तिनं.

तिसऱ्या दिवशी पहाटे जबडा हलला.
आधी वाटलं माशी असेल.
मग नीट, आडवा, संथ,
काहीतरी परत वर आलं होतं, चावण्यासारखं.
मी उगाचच दोनदा हात धुतले.

घरी कुणाला काही सांगितलं नाही.
टाके काढून आठवडा झाला असेल.
रात्री पिशवी घेऊन नाक्यावर गेलो
तर ढिगापाशी बांडी.
कुशीवरचा तो चौकोन,
केस न उगवलेला, दिव्याखाली चकाकत होता.

गाठ सुटेना. दातांनी सोडली.
पोळ्या तळहातावर धरल्या.
तिनं हात हुंगला, ओळख दिली नाही,
माझ्या कोपराखालून मान घातली
आणि दुसऱ्या हातातली रिकामी पिशवी
आधी मागितली.
मिठाचा वास तिलाच लागला होता.

मी हात मागं घेतला.
तिनं वाट बघितली, मग पोळी खाल्ली.

पिशवी अजून खिशात आहे,
ओलसर.
कुठं टाकू, कळत नाही.