पट्ट्यांचं माप

शिंपीणबाईंनी आधी सांगितलं, डॉक्टरांनी फार नंतर:
"टीचर, डावा खांदा अर्धा इंच उतरलाय तुमचा."
ब्लाऊजच्या मापांच्या वहीत
माझ्या नावापुढं तिनं बारीक लिहिलं, डा. अर्धा.
एकवीस वर्षं एकाच खांद्यावर पर्स
आणि पर्समध्ये अख्खी शाळा.

रविवारी नव्या पेठेत गेले ती तयारीनंच.
आठवी ब च्या बेचाळीस भूगोलाच्या वह्या,
लिटरची स्टीलची बाटली, डबा, छत्री,
आणि मुलींना सहलीला नेताना लागतं ते सगळं:
पट्टी, आयोडीन, गूळ-शेंगदाणे, दोरी,
कुणाला अचानक लागलं तर म्हणून पॅड.
"रिकामीच घालून बघा की बाई," सैफन नदाफ म्हणाला.
"रिकाम्या सगळ्याच हलक्या असतात," मी म्हणाले.
माझाच विद्यार्थी तो, २००९ चा.
भूगोलात काठावर पास.

पहिली गुलाबी. तिला गोंडा.
"लेडीज आहे, बाई."
लेडीज म्हणजे काय रे, सैफन?
पट्टे नाडीएवढे, पाठीला गादी नाही,
आरशाला मात्र वेगळा कप्पा.
दुसरी डोंगरवाल्यांची, भारी,
माझ्या डोक्यावरून पलीकडं बघणारी.
कमरेचा पट्टा मांडीवर आला,
छातीचा कुठं आला ते जाऊ दे.
कुणा सहा फुटी माणसाची पाठ
उसनी घालून मी आरशापुढं उभी.

तिसरी. चौथी. मधल्या आठवत नाहीत.
दर वेळी वह्या काढायच्या, भरायच्या
आणि चादरींच्या दुकानापर्यंत चालून यायचं.
"कुठं निघालात टीचर?" चिवडेवाल्यानं चौथ्यांदा विचारलं.
"कोपऱ्यापर्यंत."

मग ती राखाडी, आखूड पाठीची.
पट्टे मानेला टाळून वळलेले, काखेत न रुतणारे.
कमरेचा पट्टा हाडावर बसला
आणि बेचाळीस जणींचा भूगोल
खांद्यावरून उतरून पायांत गेला.
मी चादरींचं दुकान ओलांडून पुढं.
सैफनला हाक मारावी लागली. पैसे द्यायचे होते.

घरी नायनांनी किंमत विचारली नाही.
छत्तीस वर्षं मागावर गेलेल्या बोटांनी
पट्टा उलटा केला, शिवण नखानं ओढून पाहिली.
"वीण घट्ट आहे. जोडावर दुहेरी टाका."
चेन मात्र दहादा उघडली, मिटली,
ती त्यांना शेवटपर्यंत पटली नाही.

नळदुर्गला, उपळ्या बुरुजाच्या उंच पायऱ्यांवर
पर्स सावरणारा माझा हात
सारखा सवयीनं काखेकडं जायचा
आणि तिथं काही नसायचं.
वर्षाराणीला उंचीची भीती, ती मध्येच थांबली.
मी दोन्ही हात पुढं केले.
दोन्ही. मलाच नवल वाटलं.

गुरुवारी वर्गात बॅग उघडली
तर तळाला तेंदूपत्त्याचा चुरा,
वह्यांना तंबाखूचा वास,
पहिल्या बाकावरच्या दोघी शिंकल्या.
बुधवारी मी जुनी पर्स नेली होती, तेवढ्यात
अम्मा हजार विड्या घालून ब्रँचला जाऊन आली होती.
सगळा जन्म कमरेवर टोपली.
दोन खांद्यांचं सुख तिनं मला न विचारता
अर्धा दिवस वापरून बघितलं.

"छाट किती निघाली?" मी संध्याकाळी विचारलं.
"दीडशे. काढायच्या त्या काढल्याच मेल्यानं."
मग बराच वेळ काही नाही. मग,
"पण पाठ दुखली नाही गं."

पट्टे तिनं तिच्या मापाला ओढून घेतले होते,
माझ्याहून चार बोटं आखूड.
शुक्रवारी मी ते सैल केले नाहीत.
शाळेपर्यंत तशीच गेले,
बॅग जरा वर चढलेली, मानेपाशी,
पाठीवर उचलून घेतलेलं पोर
मागून कानात काही सांगत असावं, तशी.