सत्तावीस मेगाहर्ट्झ

भोसरीच्या शेडमध्ये, तीन नंबरच्या मशीनवर
अकरा वर्षं मी रेनकोटांना बाह्या चिकटवल्या.
पायाखाली पेडल, हाताखाली प्लास्टिक,
चार सेकंद गुणगुण, की शिवण तयार.
सुई नाही, दोरा नाही.

पहिल्याच दिवशी गव्हाणेबाई म्हणाल्या,
जोडवी काढून ठेव गं.
मला वाटलं, चोरीची भीती.

थंडीत माझी जागा सगळ्यांना हवी असायची.
मनगटं ऊन व्हायची, पण आतून;
चुलीशी बसल्यावर होतात तशी नाही,
ताप चढतो तशी.

एकदा इलेक्ट्रिशियन युनूसनं गंमत केली.
उतरवलेली ट्यूब हातात धरून शेजारी उभा राहिला
आणि ती पेटली.
ना वायर, ना होल्डर.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही.
मग तो ट्यूब हळूहळू माझ्या पोटाजवळ आणत गेला.
तिथं ती जास्त उजळली.
टाळ्या कधी थांबल्या, आठवत नाही.

मीटरवाले साहेब आले त्या सकाळी
कपाटावरचं जाळीचं कव्हर खाली आलं, धूळ पुसून बसलं.
आकडा चांगला आला. सगळ्यांना चहा मिळाला.
दुपारी कव्हर परत कपाटावर;
त्यानं माल कमी निघतो.

आता बोटांना मुंग्या येतात.
वायसीएमच्या डॉक्टरांनी लिहिलं, वयोमानानुसार.
काम काय करत होता, हा रकाना
त्या कागदावर नव्हताच.

रात्री स्वयंपाकघरातली ट्यूब बंद करते
आणि जरा वेळ तिच्याखाली थांबते,
विझलीय ना, बघत.