जुनी सही, नवी सही

बँकेने तीनच फॉर्म दिले.
झेरॉक्स चालणार नाही म्हणाले. हाच कागद,
निळी शाई, अक्षर सुवाच्य.
‘सुवाच्य’ ऐकल्यावर बाबांनी उजवा हात
पँटच्या खिशात घातला
आणि सावरकर नगर येईपर्यंत, रिक्षात,
बाहेर काढला नाही.

एकतीस वर्षं वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये
त्या हाताने मायक्रोमीटर धरला.
दोन शतांश मिलिमीटर इकडेतिकडे, की अख्खी पेटी परत.
आता तो हात बशीवर कप वाजवतो
आणि आई म्हणते, आली घंटागाडी.
म्हणते, आणि कप अर्धाच भरते.

मी भरते ना बाबा, म्हटलं.
“तुझं अक्षर डॉक्टरचं.”
मग कपाटातून सहा इंची स्टीलची पट्टी निघाली.
डाव्या कडेपासून नावाची रेघ बेचाळीस,
वरून एकसष्ट,
पिनकोडचे चौकोन पाच-पाचचे, शेवटचा मात्र साडेचार.
“पाट्या टाकल्यात छापणाऱ्याने.”

ते आकडे सांगत गेले, मी पडद्यावरच्या कोऱ्या पानात
शब्द टांगत गेले,
भिंत नसताना खिळे ठोकावेत तसे.
भालचंद्र अनंत मेस्त्री. खाते क्रमांक. शाखा.
आधी साध्या कागदावर छापलं, फॉर्मवर ठेवलं,
दोन्ही मिळून खिडकीच्या काचेला लावलं.
उजेडात कळलं,
नाव रेघेखाली बुडालंय
आणि पत्ता जन्मतारखेत राहायला गेलाय.
“दोन मिलिमीटर वर घे.”
घेतलं.
“दीडच हवं होतं.”

पहिला फॉर्म प्रिंटरने तिरका ओढला.
दुसरा मी उलटा घातला. बाबांचं अख्खं नाव
अटी व शर्तींवर डोकं खाली पाय वर.
ओरडले नाहीत. शिसपेन्सिल मागितली,
तिसऱ्याच्या कोपऱ्यात एक बाण काढला,
थरथरता, पण दिशा पक्की:
इकडून आत.

तो आत गेला तेव्हा आई दारात,
हातात लाटणं, तव्यावर पोळी करपत.
बाहेर आला. निळा, ओला.
नाव रेघेवर, बेअरिंग खाचेत बसावं तसं.
पिनकोडचा शेवटचा आकडासुद्धा
पोट आत घेऊन मावलेला.
बाबांनी पट्टी लावली. काही बोलले नाहीत.
पास झालं, आई म्हणाली, आणि पोळीकडे पळाली.

राहिले दोन चौकोन.
जुनी सही. नवी सही.
अर्जच होता सही बदलण्याचा, जुनी जमत नाही म्हणून,
आणि अर्ज म्हणत होता,
आधी जुनी करून दाखवा.

“पॅनकार्डावर आहे ना ती. स्कॅन कर,
निळ्यात छाप. माप मी देतो.”
बाबा, ती बनावट सही होईल.
“कुणाची?”
तुमची.
“मग चोरी कुणाकडे झाली?”
आणि ते इतके हसले की सगळं अंगच हलायला लागलं,
त्यात हात कुठे ओळखू येईना.

शेवटी पेन घेतलं.
‘भा’चा काना जिना उतरावा तसा उतरला,
‘स्त्री’ची वेलांटी चौकोनाबाहेर तीन मिलिमीटर.
मोजली त्यांनी.
“रिजेक्ट,” म्हणाले,
आणि नव्या चौकोनात पुन्हा तीच केली,
तोच जिना, तीच वेलांटी.
“ही नवी.”

काउंटरवरच्या मुलाने फॉर्म बराच वेळ पाहिला.
छान भरलाय, म्हणाला.
मग म्हणाला, पण काका, दोन्ही सह्या सारख्याच आहेत की.
“म्हणजे जुळल्या ना?”
साहेब जेवायला गेलेत. तीननंतर या.

फॉर्म ट्रेमध्ये पडला.
कोपऱ्यातला बाण खोडायचा राहून गेला होता.
मी खोडरबर मागायला वळले
तर बाबांनी खिशातला हात काढून माझं मनगट धरलं.
राहू दे, म्हणाले.
त्यांनाही कळेल, कुठून आत घालायचा ते.