कानशीने घासलेला र

पहिला चेहरा मी कॉम्प्युटरवर केला.
कपाळाला शिरोरेघ, नाकाला काना,
हनुवटीखाली एक दीर्घ उकार.
सर म्हणाले, बरा आहे. कुणाचा?

म्हणून नाना पेठ. घोलपकाकांचा छापखाना.
आता तिथे पत्रिकांची पाकिटं विकतात,
गठ्ठ्यांच्या आड अजून खिळ्यांचे खण.
काका स्टुलावर बसले.
हलू नका, म्हटलं. ते हलले नाहीत.
चाळीस वर्षं एका फरशीवर उभं राहिलेला माणूस.

तीन शनिवार गेले.
गालफडांना ळ चालला.
ओठ मिटेनात,
प लावला, फ लावला, ब, भ,
म लावल्यावर मिटले.
डोळ्यांपाशी मात्र अडले.

काकांनी फर्म्यात पाहिलं, उलटंच.
सुलटं वाचायला त्यांना चष्मा लागतो.
मग सगळ्यात खालचा खण ओढला.
"बाहेरून आलेल्या खिळ्यांत हा नसायचा.
पत्रिकेत 'वऱ्हाडी' आलं की काम ठप्प.
मीच कानशीने घासून केले.
अकरा होते. दोन गेले कुठेतरी."

वाकडा, काडीएवढा, अर्धा र.
पापणीच की ही.
चेहरा लिहिताना लागत नाही,
चेहऱ्यावर काही लिहायचं तर लागते.

एका डोळ्याला पाच लावले, दुसऱ्याला चार.
कागदावर बाजू बदलल्या,
आणि मोतीबिंदूचा डोळा
बरोबर जागेवर, जरासा मिटत आलेला.

काकांनी प्रूफ खिडकीशी नेलं,
बराच वेळ धरलं.
"शाई जास्त झालीय," म्हणाले.