साडेचारपर्यंत

उतरताना कार्ड लावलं, यंत्र टुंग वाजलं.
म्हणजे मी आता जहाजावर नाही, अशी नोंद झाली.
आमचे धरमपेठचे एकोणीस जण एसी बसमध्ये चढले:
धबधबा, मसाल्यांची बाग, जेवण, खरेदी,
माणशी नव्वद डॉलर.
टूरवाला अंकुश म्हणाला, काकू, एकट्या नका जाऊ,
साडेचारनंतर जहाज कोणासाठी थांबत नाही.
मी म्हटलं, बाप्पा,
तीन मिनिटं झाली की ट्रंक कॉल कापायचे मी,
रडणाऱ्यांचेसुद्धा.
मला वेळ नको शिकवू.

फाटकाबाहेर टॅक्सीवाले अंगावर आले
थेट बर्डीच्या ऑटोवाल्यांसारखे,
त्यामुळे भीती गेली.
उजवीकडे वळले. कारण काही नाही,
उजवीकडे सावली होती.

निळ्या पत्र्यांची घरं, दोरीवर शाळेचे गणवेश,
एक कोंबडा रस्ता ओलांडावा की नाही या विचारात.
माझ्या मनगटावर जहाजाची वेळ,
चर्चच्या मनोऱ्यावर बेटाची, एक तास पुढे.
मधला तो तास कोणाचाच नव्हता.
मी घेतला.

किनाऱ्यालगत एक बाई कैरी चिरत बसली होती,
तिखट-मीठ लावून, अगदी आपल्यासारखी,
फक्त तिखट कमी.
तिनं काहीतरी विचारलं. कुठची, असंच असणार.
आता नागपूर कसं सांगायचं?
मी ओल्या वाळूत बोटानं मोठा गोल काढला
आणि मधोमध एक ठिपका:
इथे आमचा झिरो माइलचा दगड,
इथून समुद्र सगळीकडून लांब.
ती खळखळून हसली.
शेजारीच तिनं तस्साच गोल काढला,
मधोमध तस्साच ठिपका,
आणि आपल्या पायाखाली बोट दाखवलं.

लाट आली ती दोन्ही घेऊन गेली.
कैरीचे पैसे तिनं घेतले, सोडले नाहीत.
ते मला फार आवडलं.

आता आठ महिने झाले त्याला.
बासष्ट वर्षं या शहरात,
आणि रुळांच्या पलीकडे मी गेले ती
लग्नाच्या साड्या घ्यायला, इतवारीपर्यंत,
तेही कोणाच्या तरी मागे मागे.
म्हणून दर मंगळवारी बसमध्ये बसते
आणि ओळखीचं दुकान दिसेनासं झालं की उतरते.
मस्कासाथ. लाल मिरचीच्या पोत्यांनी
सगळा रस्ता शिंकत होता.
पाचपावली. तिथे मी दोनदा चुकले,
एकदा मुद्दाम.

परवा तांडापेठेत एका गल्लीत
खटक-खटक ऐकू आलं, थांबत थांबत.
दारातून पाहिलं तर माग, लाल काठाचं पातळ,
आणि मागावर एक म्हातारबुवा, हेडाऊ म्हणून.
“कोणाकडे आल्या, बाई?”
“कोणाकडेच नाही.”
“मंग कायले फिरून राहिल्या एवढ्या उन्हात?”
काय सांगणार? तोंडातून निघून गेलं,
“जहाज लागलंय. साडेचारला सुटतं.”
त्यांनी धोटा हातात तसाच धरून
भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.
हसले नाहीत.
“मंग बसा नं. लय टाइम हाय अजून.”

माठातलं पाणी दिलं. नात आतून डोकावून गेली.
मी बसले. त्यांनी चार बोटं विणलं,
एक धागा तुटला, त्याला गाठ मारली,
पुन्हा चार बोटं.
आम्ही काही फार बोललो नाही.

पावणेपाचला घरी पोचले, उशीरच झाला.
कुलूप उघडलं, आत पाऊल टाकलं,
काहीच वाजलं नाही.
तेव्हा मीच तोंडानं म्हटलं,
टुंग.
समोरच्या गॅलरीतून डहाके वहिनी
कपडे वाळत घालता घालता
पाहूनच राहिल्या.